निम्मा भरलेला वहाळ निम्मे पाणी नेत नाही

सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवले आणि मार्च 2018 मध्ये गोव्यातील खाणी थांबल्या. खाण बंद म्हणजे चिखलही बंद, असा समज तेव्हापासून शहरात रुजला आहे. डिचोली-सत्तरी या खाणींच्या तालुक्यांतल्या शेतकऱ्याला विचारा. गोव्यात एक टन खनिजामागे साधारण अडीच ते तीन टन माती उपसली गेली. तिचे डंप, म्हणजे ढिगारे, अजून डोंगरउतारावर उभे आहेत आणि वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस त्यांच्यावर कोसळतो. यंत्रे थांबली म्हणून धूप थांबत नाही.

ही माती आधी वहाळात, म्हणजे ओढ्यात, येते. वहाळ उपसायचा प्रस्ताव पाहणी, अंदाजपत्रक, निविदा असा फिरत राहतो. एक वर्ष गेले तर काय बिघडले, असे सरकारी यंत्रणेला वाटत असावे. बिघडते ते फार वेगाने, आणि त्याचे गणित मला विलक्षण वाटते.

वहाळ गाळाने निम्मा भरला तर तो किती पाणी नेईल? निम्मे, असे कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात एक तृतीयांशही नेत नाही. पाण्याला तळाचे घर्षण अडवते. पाणी खोल असेल तर त्या घर्षणाचा वाटा कमी, उथळ असेल तर जास्त. आयरिश अभियंता रॉबर्ट मॅनिंग यांच्या सूत्रानुसार रुंद प्रवाहाचा वेग खोलीच्या दोन तृतीयांश घाताप्रमाणे बदलतो. खोली निम्मी झाली की वेग 63 टक्क्यांवर येतो. जागा निम्मी, वेग 63 टक्के. गुणाकार साधारण 31 टक्के. गाळावर गवत-झुडपे वाढली की तळ आणखी खडबडीत होतो आणि हा आकडाही खाली जातो.

पण खरी मेख पुढे आहे. प्रवाहाची गाळ वाहून नेण्याची ताकद वेगाच्या घनापेक्षाही झपाट्याने घटते. म्हणजे 63 टक्के वेगाला ती पाव हिश्शावर, किंवा त्याहूनही कमी होते. मंदावलेले पाणी जास्त गाळ टाकते, गाळामुळे खोली घटते, खोली घटल्याने पाणी आणखी मंदावते. त्यामुळे पहिल्या वर्षी हुकलेली उपसणी दुसऱ्या वर्षी दुप्पट होऊन भागत नाही. डिचोली नदीसारख्या भरती-ओहोटीच्या पात्रांना मिळणाऱ्या वहाळांत भर पावसात भरती आली की मुखाशी पाणी जवळपास थांबतेच.

मग वहाळ मेर, म्हणजे शेताचा बांध, ओलांडून शेतात शिरतो. जाड वाळू वाटेतच बसलेली असते. शेतात पोचतो तो बारीक भाग. स्टोक्सच्या नियमाप्रमाणे कण तळाशी बसण्याचा वेग व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. 0.02 मिलिमीटरचा कण एक मीटर खाली यायला पाऊण तास घेतो, तर 0.002 मिलिमीटरचा चिकणमातीचा कण तीन दिवस. वाहत्या पाण्यात तो बसतच नाही. निचरा न झालेल्या, तुंबलेल्या शेतात मात्र त्याला हवी तेवढी सवड मिळते. पाणी ओसरले की मागे राहणारा थर मातीची छिद्रे बुजवतो आणि सुकल्यावर कडक पापुद्रा होतो. शेत पडीक पडले की देवळात प्रसाद लावून, म्हणजे देवाचा कौल घेऊन, कारण विचारणारेही आहेत. श्रद्धा ज्याची त्याची. पण देवाचा कोप म्हणून सोडून दिले की उपसणीसाठीचा तगादाही थांबतो आणि दिरंगाई करणाऱ्याचे आयतेच फावते.

खाणबाधित भागांसाठी खाणधारकांच्या पैशांतून चालणाऱ्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानांची तरतूद 2015 च्या कायदादुरुस्तीत झाली आहे. तेव्हा निधीचे कारण पुढे करण्यात अर्थ नाही. पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. मे अखेरीस घाईने काढलेला गाळ काठावरच टाकला तर पहिल्या सरीबरोबर तो पुन्हा पात्रात उतरतो. उपसणी डिसेंबर-जानेवारीत, वहाळाच्या मुखाकडून वर अशी व्हायला हवी, आणि त्याच हंगामात डंपांच्या पायथ्याशी दगडी बांध आणि गाळ अडवणारी तळी.