हायड्रॉलिक लॉग स्प्लिटरची पार्श्वभूमी: टनांच्या आकड्यामागे काय आहे

अर्धवट चिरलेल्या ओंडक्यातली पाचर उपटायला गेलेलं आणि तिथेच अडकून जिवानिशी गेलेलं माकड आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. पाचर ठोकून लाकूड फोडण्याची रीत आपल्याकडे किती जुनी आहे, ते त्या गोष्टीवरून कळतं. आज अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, न्यू इंग्लंडमध्ये, कितीतरी घरांच्या मागे हायड्रॉलिक लॉग स्प्लिटर, म्हणजे ओंडके फोडायचं यंत्र, उभा असतो. त्यातही लाकूड फोडते ती पाचरच, फक्त पोलादी. तिच्यामागचा जोर मात्र घणाचा न राहता तेलाच्या दाबाचा झाला. हे यंत्र कोणा एकाने शोधून काढलं असं नाही. वेगवेगळ्या कामांसाठी घडलेले भाग सवडीने एकत्र आले. त्यातला कोणता भाग कशासाठी आला हे माहीत असेल, तर यंत्र निवडताना फसगत होत नाही.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो, हे पास्कलने 17व्या शतकात मांडलं. त्याचा तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, 1663 मध्ये छापला गेला. त्यावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाने 1795 मध्ये घेतलं. खरी अडचण गळतीची होती. दाब वाढला की पाणी दट्ट्याच्या कडेने बाहेर यायचं. दाब वाढेल तसं अधिक घट्ट बसणारं कातडी वॉशर बसवून ती सुटली. त्याचं श्रेय सहसा ब्रामाकडे काम करणाऱ्या हेन्री मॉडस्लेला देतात. पुढे शंभरेक वर्षं हायड्रॉलिक्स म्हणजे पाणीच. पण पाण्याने लोखंड गंजतं आणि थंडीत ते गोठतं, म्हणून 20व्या शतकात त्याची जागा तेलाने घेतली. गळती रोखणाऱ्या रबरी कडीचं, म्हणजे ओ-रिंगचं, अमेरिकन पेटंट नील्स क्रिस्टेन्सनला 1939 मध्ये मिळालं. त्याच वर्षी हॅरी फर्ग्युसनच्या हायड्रॉलिक लिफ्टचा फोर्ड ट्रॅक्टर बाजारात आला आणि तेलाचा दाब शेतकऱ्याच्या अंगणात पोहोचला. त्या लिफ्टला नांगर तीन ठिकाणी जोडला जाई; आपल्याकडचे ट्रॅक्टर आज नांगर उचलतात तेही याच थ्री-पॉइंट लिंकेजने.

तरी घरच्या सरपणासाठी असं यंत्र घ्यायची गरज तेव्हा फारशी कोणाला नव्हती. अमेरिकेत 1885 च्या सुमारास कोळशाने लाकडाला मागे टाकलं होतं, नंतर तेल आणि गॅस आले. चित्र पालटलं 1973 च्या ऑक्टोबरात. अरब देशांनी तेल रोखलं आणि पिंपामागे सुमारे 3 डॉलर असलेला भाव 1974 च्या सुरुवातीला 12 डॉलरच्या घरात गेला. न्यू इंग्लंडमधली घरं प्रामुख्याने तेलावर ऊब घेत होती. लोकांनी पुन्हा लाकडाच्या शेगड्या बसवल्या. एका माणसाला पेलणाऱ्या चेनसॉ दुसऱ्या महायुद्धानंतर आल्याच होत्या, त्यामुळे कापणी झपाट्याने होई आणि काम तुंबे ते लाकूड फोडण्यापाशी. कडक हिवाळ्यात एका घराला चार-पाच कॉर्ड लाकूड सहज लागतं; एक कॉर्ड म्हणजे 128 घनफूट रचलेलं लाकूड. एवढं सगळं कुऱ्हाडीने फोडणं नोकरी सांभाळणाऱ्याच्या आवाक्यातलं नव्हतं. न फोडता चालतही नाही: साल ओल धरून ठेवते, आणि 20 टक्क्यांहून जास्त ओल असलेलं लाकूड धुमसतं, धुराड्यात क्रिओसोट, म्हणजे धुरातला डांबरासारखा थर, साचतो, आणि तोच पुढे पेट घेतो.

घरगुती इंजिनावर हे यंत्र चालण्याजोगं झालं ते दोन टप्प्यांच्या पंपामुळे. माझ्या मते या इतिहासात सर्वाधिक मान त्याला द्यायला हवा, पण त्याचं नाव क्वचितच निघतं. साधं गणित करून बघा. 4 इंच व्यासाचा आणि 24 इंच स्ट्रोकचा (म्हणजे दट्ट्या तेवढा पुढे सरकणारा) सिलिंडर भरायला सुमारे 5 लिटर तेल लागतं. मिनिटाला 42 लिटर देणारा पंप तो 7 सेकंदांत पुढे नेतो. पण तोच पुरवठा 3000 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबाने द्यायचा, तर 19 अश्वशक्तीचं इंजिन हवं. दोन टप्प्यांच्या पंपात गिअरच्या दोन जोड्या असतात. पाचर लाकडाला टेकेपर्यंत दोन्ही तेल ढकलतात. दाब वाढला की मोठी जोडी आपोआप मोकळी होते आणि लहान जोडी एकटीच मिनिटाला 11 लिटरच्या आसपास तेल देत राहते. त्याला 5 अश्वशक्ती पुरते. यंत्राशेजारी उभं राहिलं तर हा बदल ऐकू येतो: इंजिनाचा आवाज जड होतो, रॉड मंदावतो, आणि लाकूड कडकन उकललं की पुन्हा वेग घेतो.

आता टनांचं, म्हणजे यंत्रावर लिहिलेल्या जोराच्या आकड्याचं. 4 इंची सिलिंडरचं क्षेत्रफळ 12.57 चौरस इंच; 3000 पीएसआयला जोर होतो साधारण 37,700 पौंड, म्हणजे अमेरिकी हिशेबाने (2000 पौंडांचा एक टन) 19 टनसुद्धा नाही. तरीही याच मापाच्या यंत्रावर 25 टनांचं लेबल सर्रास दिसतं. तेवढा जोर खरोखर हवा, तर दाब 4000 पीएसआयच्या घरात न्यावा लागेल. म्हणून लेबल बाजूला ठेवून आधी सिलिंडरचा व्यास विचारावा, मग रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडून देणारी झडप) किती दाबाला लावलाय ते, आणि पंप किती लिटरचा ते. सरळ धाग्याचा ओक मध्यम यंत्रावरही फुटतो. एल्म या झाडाच्या लाकडाचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात, तिथे आणि गाठाळ बुंध्यांना 5 इंची सिलिंडरचा उपयोग होतो. अजस्र ओंडके उचलण्यापेक्षा बीम (सिलिंडर आणि पाचर बसवलेली तुळई) उभा करता येणारं यंत्र घेणं केव्हाही शहाणपणाचं. ओंडका गडगडत आणून तळपट्टीवर टेकवला की झालं.

सुरक्षेचे नियम मागाहून आले. युरोपच्या ईएन 609-1 मानकात पाचरीच्या स्प्लिटरला दोन हातांनी चालवायची रचना सांगितली आहे: दोन्ही हात नियंत्रणांवर असतील तेव्हाच पाचर पुढे सरकते, त्यामुळे हात ओंडक्यापाशी राहूच शकत नाही. दुसऱ्याने लाकूड धरायचं आणि आपण लिव्हर ओढायची, ही पद्धत बोटं घालवते. होजला (तेलाच्या रबरी नळीला) बारीक छिद्र पडल्याचा संशय आला तर ते हाताने चाचपू नये. एवढ्या दाबाचं तेल कातडी भेदून आत शिरतं, जखम वरून टोचल्याएवढीच दिसते, पण तातडीची शस्त्रक्रिया लागू शकते. गळती शोधायची ती पुठ्ठा पुढे धरून. मग इंजिन बंद करून, लिव्हर हलवून दाब उतरवायचा आणि होज बदलायची.