खाऱ्या हवेत रेट्रो गेमिंग: कंट्रोलर घेताना आतला कॉन्टॅक्ट बघा

रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर घ्यायचा, मेमरी कार्डावर बॅटोसेरा नाहीतर रेट्रोपाय ही जुने गेम चालवणारी, एमुलेटरची सिस्टीम टाकायची, टीव्हीला एचडीएमआय जोडायची, झालं, लहानपणीचा टीव्ही गेम परत घरात. एवढं काम यूट्यूब बघून कोणीही एका दुपारात करतो. गाडी अडते ती कंट्रोलरपाशी. कुठला घेऊ असं विचारलं की लोक रिव्ह्यूच्या लिंका पाठवतात, पण ते रिव्ह्यू करणारा बसलेला असतो एसी खोलीत आणि आपण बसलेलो असतो मालवण, वेंगुर्ला, देवगड, हर्णै असल्या ठिकाणी, जिथे खिडकी उघडली की समोरून खारा वारा आत येतो आणि मृग लागला की चार महिने भिंतीसुद्धा ओल्या. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, त्या हवेत जी वस्तू टिकते ती आणि पुण्यात टिकते ती एकच असेल असं नाही. म्हणून माझं म्हणणं असं की कंट्रोलरचा रंग, लाईट, ब्रँड हे सगळं नंतर बघा, आधी आत काय कशाला टेकतंय ते बघा.

साधा तीन-चारशे रुपयांचा यूएसबी पॅड घ्या आणि मागचे स्क्रू काढून उघडा. आत एक पातळ सर्किट बोर्ड दिसेल, त्यावर प्रत्येक बटणाखाली दोन कंगवे दातात दात घालून ठेवल्यासारख्या दोन पट्ट्या असतात, एकमेकींना न शिवणाऱ्या. वरती मऊ रबराचा एक पडदा, त्याला बटणाएवढे फुगवटे, आणि प्रत्येक फुगवट्याच्या पोटाशी एक काळी टिकली. ही टिकली कार्बन मिसळलेल्या रबराची असते. बटण दाबलं की फुगवटा खाली बसतो, टिकली दोन्ही पट्ट्यांवर टेकते, सर्किट पुरं होतं आणि मारियो उडी मारतो. बोट उचललं की रबर आपोआप वर. बस एवढंच, आणि माझ्या मते ही व्यवस्था किनाऱ्यावरच्या घरासाठी अजूनही सगळ्यात भरवशाची आहे.

आता दुसऱ्या प्रकारचं बटण, जे दाबल्यावर टक्क असा आवाज करतं. त्यात रबराऐवजी धातूची छोटी घुमटी असते, दाबली की आत वळते आणि खालच्या धातूला टेकते. हाताला हे फार छान लागतं, मान्य. पण इथे धातूवर धातू टेकतो आणि कोकणातली हवा नेमकी धातूच्या मागे लागलेली असते. समुद्राच्या लाटा फुटतात तेव्हा खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब हवेत उडतात, वाऱ्याबरोबर घरात येतात, आणि पाणी सुकलं तरी मीठ मागे राहतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, त्याचं कारण असं की शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात तर मॅग्नेशियम क्लोराईडही असतं, त्याला ३३ टक्के आर्द्रता सुद्धा पुरते. म्हणजे कंट्रोलरच्या आत मिठाचा अगदी डोळ्याला न दिसणारा थर बसला असेल तर तो वर्षातला बराच काळ ओलसरच राहणार. ओलं मीठ म्हणजे वीज वाहून नेणारं द्रावण, त्यात तांबं असलं की हिरवा कळंक चढणारच. कार्बनला मात्र ह्याचं काही नाही, कार्बन गंजत नाही.

ह्यात अजून एक गोष्ट आहे जी सहसा कोणी सांगत नाही. घरातल्या पंख्याचं बटण दाबलं की आत बारीक ठिणगी पडते, २३० व्होल्टचा दाब असतो, त्यामुळे कॉन्टॅक्टवर आलेला पातळ थर त्या ठिणगीनेच बराचसा जळून जातो आणि बटण वर्षानुवर्षं चालतं. कंट्रोलरच्या बटणात ३.३ किंवा ५ व्होल्ट आणि करंट एका मिलीअँपियरपेक्षाही कमी, त्यात ठिणगी कुठून पडणार? थर बसला की बसला. म्हणूनच चांगल्या दर्जाच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये असल्या बारीक करंटच्या जागी सोन्याचा मुलामा देतात, सोन्यावर थर धरत नाही म्हणून. कार्बनची टिकली वेगळ्या वाटेने सुटते. चिपच्या बाजूने बहुतेक वेळा हजारो ओहमचा रेझिस्टर लावलेला असतो, त्यामुळे टिकलीचा स्वतःचा रोध शे-दोनशे ओहम असला काय किंवा घाण बसून त्याच्या दुप्पट-तिप्पट झाला काय, चिपला ते दाबलेलंच दिसतं. सहन करायची ताकद मुळातच जास्त.

उलटा दोष मात्र ह्या कार्बनवाल्या पॅडमध्येही येतो तो असा की मिठाचा ओला थर त्या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीतच बसला तर टिकली न टेकताच थोडा थोडा करंट गळायला लागतो आणि बटण न दाबता दाबल्यासारखं होतं. शेजारचा मुलगा आपला पॅड घेऊन आला होता, "काका, मारियो ऐकणाच नाय, आपणच उजवीकडे पळता." उघडून बघितलं तर उजव्या बाणाखालच्या पट्ट्यांवर पांढरट पापुद्रा. मोबाईल रिपेअरवाल्याकडे आयपीए म्हणून अल्कोहोल मिळतं, ते कापसाच्या काडीवर घेऊन हलक्या हाताने पुसलं, वाळू दिलं, काम झालं. खोडरबराने घासू नका, बऱ्याच स्वस्त बोर्डांवर तांब्यावर कार्बनचाच काळा लेप दिलेला असतो आणि तो घासून गेला की खालचं तांबं उघडं पडतं, मग वाचवणारं काही उरत नाही.

बाणांची फुली, म्हणजे डी-पॅड, ह्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवा, कारण जुन्या गेममधलं सगळं चालणं, उडणं, वाकणं ह्या एका फुलीवर असतं. निन्टेंडोच्या गुनपेई योकोईंनी ती १९८२ साली डाँकी काँग गेमच्या, हातात धरून खेळायच्या गेम अँड वॉचसाठी बनवली आणि पुढच्याच वर्षी ती निन्टेंडोच्याच फॅमिकॉम ह्या टीव्ही गेमच्या कंट्रोलरवर आली, आपल्याकडे कॅसेट घालायचे जे टीव्ही गेम मिळायचे ते बहुतेक त्या फॅमिकॉमच्याच नकला. ह्या फुलीची करामत वर दिसत नाही, खाली असते. मधोमध एक खुंटी असते आणि फुली त्या खुंटीवर डुगडुगते, त्यामुळे एक बाजू खाली गेली की समोरची वर उचलली जाते आणि डावं-उजवं एकदम दाबलं जाऊच शकत नाही. जुने गेम लिहिणाऱ्यांनी हे गृहीतच धरलेलं होतं, म्हणून डावं-उजवं एकदम आलं तर काही गेम वेड्यासारखे वागतात. स्वस्त पॅडमध्ये खुंटी आखूड असते किंवा नसतेच. तपासायला सोपं आहे, फुलीच्या बरोबर मध्यावर अंगठा ठेवून दाबा, अख्खी फुली सपाट खाली गेली तर तो पॅड परत ठेवा. मग उजवा बाण दाबून धरा आणि अंगठा किंचित वर-खाली डोलवा, जरा हललं की लगेच तिरकी दिशा लागत असेल तर काँट्रामध्ये सरळ गोळ्या मारायच्या ऐवजी तिरक्या सुटतील आणि वैताग येईल. ह्याच्या उलट स्ट्रीट फायटरमध्ये खाली, तिरकं, पुढे असा अर्धचंद्र फिरवायला तिरकी दिशा सहज लागावी लागते, तेव्हा दोन्हीच्या मधला पॅड शोधायचा. दुकानात जाताना मोबाईलला लावायचा ओटीजी अडॅप्टर आणि फोनमध्ये गेमपॅड टेस्टरचं ॲप घेऊन जा, दुकानदार लावून बघायला नाही म्हणत नाही.

ॲनालॉग काडी, म्हणजे अंगठ्याने चहूकडे कलवायची छोटी दांडी, तिचं विज्ञान अजून मजेशीर आहे. बहुतेक कंट्रोलरमध्ये काडीखाली दोन पोटेन्शिओमीटर असतात, म्हणजे कार्बनच्या पट्टीवर धातूची जीभ घासत फिरते आणि ती कुठे आहे त्यावरून व्होल्टेज बदलतं. घासून घासून पट्टी झिजते, त्यात धूळ आणि दमट हवा, मग काडी सोडली तरी पात्र आपलं एका बाजूला सरकत राहतं, त्यालाच ड्रिफ्ट म्हणतात. सेटिंगमध्ये डेड झोन, म्हणजे मधली हालचाल न मोजायची जागा, वाढवून थोडे दिवस ढकलता येतात. पण खरा उपाय म्हणजे हॉल सेन्सर. एडविन हॉल ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये दाखवलं की करंट वाहत असलेल्या पट्टीजवळ चुंबक आणला की पट्टीच्या आडव्या बाजूला व्होल्टेज तयार होतं. काडीच्या बुडाला चुंबक लावायचा, खाली हॉल सेन्सर ठेवायचा, सेन्सर आणि चुंबक एकमेकाला शिवतच नाहीत, घासणार काय आणि झिजणार काय! सेगाने १९९८ च्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये हे वापरलं होतं, मग मध्ये बरीच वर्षं सगळ्यांनी स्वस्त पोटेन्शिओमीटर घातले आणि आता कुठे हॉलवाले पॅड परत मिळायला लागलेत. प्लेस्टेशन, एन६४, ड्रीमकास्टचे गेम खेळणार असाल तर किनाऱ्यावर हॉलवालाच घ्या, जास्तीचे पैसे वसूल होतात. फक्त मारियो आणि काँट्राच खेळायचं असेल तर काडी नसलेलाच पॅड घ्या, बिघडायला एक वस्तू कमी.

वायर की वायरलेस, ह्यावर वाद घालणारे खूप. जुना गेम सेकंदाला साधारण ६० चित्रं काढतो, म्हणजे एका चित्राला १६.७ मिलिसेकंद, आणि फॅमिकॉम सहसा प्रत्येक चित्रामागे एकदा कंट्रोलरला विचारायचा की कुठली बटणं दाबलीयेत, कंट्रोलरमधली छोटी चिप आठ बटणांची उत्तरं एकामागोमाग एक पाठवायची. आजचा साधा यूएसबी पॅड सेकंदाला १२५ वेळा उत्तर देतो, म्हणजे फार तर ८ मिलिसेकंद उशीर, अर्ध्या चित्राएवढा. ब्लूटूथमध्ये ह्यात भर पडते, आणि तो चालतो २.४ गिगाहर्ट्झवर, जिथे वायफायचीही गर्दी असते, म्हणून माहितीचं पॅकेट हरवलं की परत पाठवावं लागतं आणि उशीर कधी कमी कधी जास्त असा होतो. ठरलेला उशीर अंगठ्याच्या अंगवळणी पडतो, बदलत राहणारा पडत नाही. तरी एक सांगतो, बऱ्याच घरात खरा उशीर टीव्ही करतो, चित्र सुंदर करायच्या नादात, तेव्हा कंट्रोलरला शिव्या घालायच्या आधी टीव्हीच्या मेनूत जाऊन गेम मोड चालू करा. रेट्रोआर्क ह्या एमुलेटर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये रन-अहेड म्हणून सोय आहे, ती गेमची पुढची चित्रं आधीच काढून ठेवून गेमच्या स्वतःच्या आतला उशीरसुद्धा खाते, रास्पबेरी पायला जड जाते पण हलक्या गेमना चालते.

माझी निवड वायरचीच. चार पोरं एका खोलीत खेळत असताना लाईट गेली-आली, बॅटरी उतरली, पेअरिंग सुटलं ही कटकट कोणाला हवी. फक्त वायरच्या टोकाचा यूएसबी प्लग महिन्या दोन महिन्यांनी कोरड्या कपड्याने पुसत जा.

एक गोष्ट ठासून सांगायची म्हणजे मखमलीसारखा मऊ रबरी हात लागणारा, सॉफ्ट टच म्हणतात तसा, कंट्रोलर कोकणात घेऊ नका. तो लेप बहुतेक पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतलं पाणी त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडत जातं, मग काही पावसाळ्यांत तो चिकट होऊन बोटाला लागायला लागतो आणि पुसून जात नाही. साधं खरखरीत प्लास्टिक बघा.

बटणांच्या अक्षरांवरून गोंधळ होतो तो आधीच माहीत असलेला बरा. सुपर निन्टेंडोवर ए उजवीकडे आणि बी खाली, एक्सबॉक्सवर बरोबर उलटं. एमुलेटरमध्ये बटणं लावताना छापलेलं अक्षर बघू नका, जागा बघा, खालचं बटण ते खालचं. सेगाच्या मेगा ड्राइव्हला आधी तीन आणि मग सहा बटणं एका बाजूला होती, ते गेम चार बटणांच्या पॅडवर खेळताना हात अवघडतो, त्यासाठी एटबिटडूचा एम३० सारखा सहा बटणांचा पॅड वेगळा घेतलेला चांगला, सेगा आवडत असेल तरच.

आणि खेळून झालं की पॅड टीव्हीच्या टेबलावर उघडा ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात ठेवा, नारिंगी दाण्यांची जेल पाणी पिऊन हिरवट झाली की दाणे पुडीतून काढून जुन्या कढईत मंद आचेवर गरम करायचे, रंग परत आला की गार करून परत डब्यात.