रिपोर्टमधलं ‘वेल’ कुणाबद्दल असतं?

तोंडातल्या जखमेच्या तपासणीसाठी मिरजेला आलेल्या घरच्यांच्या हातात बायॉप्सीचा, म्हणजे जखमेचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, कागद पडतो. त्यावर ‘वेल डिफरन्शिएटेड स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’ असं छापलेलं असतं, म्हणजे तोंडाच्या अस्तराचा कॅन्सर. बरोबर आलेला पोरगा ‘वेल’ तेवढं वाचतो आणि गावाकडं फोन लावतो, ‘चांगलं आहे म्हणे.’ ते ‘वेल’ आजाराबद्दल नसतं, पेशींबद्दल असतं.

गालाच्या आतलं अस्तर अनेक थरांचं असतं. नव्या पेशी तयार होतात त्या तळाला. तिथून वर सरकताना पेशी चपटी होते, तिच्यात केराटिन भरतं, शेजारणींना ती घट्ट धरून ठेवते आणि शेवटी थुंकीबरोबर निघून जाते. साधारण दोन आठवड्यांत अस्तर नवं होतं. तीन आठवड्यांत न भरलेली जखम दाखवायला सांगतात ती याच हिशेबानं. पेशीनं आपलं ठरलेलं काम शिकणं म्हणजे विभेदन, आणि कॅन्सरच्या पेशींना ते काम किती आठवतंय, एवढंच ग्रेड सांगते. ‘वेल’ असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली केराटिनचे गुलाबी मोती दिसतात, चिरलेल्या कांद्यासारखे पापुद्र्यावर पापुद्रा. वर जाऊन गळून पडायचं केराटिन आत रुतून बसलेलं असतं. ‘पुअर’ असेल तर मोती सापडत नाहीत आणि पेशी सुट्या-सुट्या पांगलेल्या दिसतात.

बायॉप्सीचा तुकडा मात्र नीट घेतलेला हवा. जखमेच्या मधोमध घेतला तर नुसता मेलेला भाग हाती येतो. कडेचा घ्यावा लागतो. तो लगेच 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा, आणि फॉर्मॅलिन तुकड्याच्या निदान दहापट. साध्या पाण्यात पाठवलेल्या तुकड्यातल्या पेशी फुगून फुटतात, मग ग्रेड कशाची सांगणार?

आता वाढघटक, म्हणजे पेशींना निरोप देणारी प्रथिनं. त्यातलं एक, ईजीएफ, आपल्या थुंकीतच असतं आणि जखम भरायला मदत करतं. त्याच्या शोधासाठी स्टॅनले कोहेन यांना 1986 चं नोबेल विभागून मिळालं. तोंडाच्या बहुतेक कॅन्सरमध्ये हा निरोप घेणारे ग्राहक (रिसेप्टर) पेशीवर फार वाढलेले असतात, त्यामुळे हळू सांगितलेलंही तिला ओरडल्यासारखं ऐकू येतं आणि ती वाढत सुटते.

टीजीएफ-बीटा या दुसऱ्या वाढघटकाची गोष्ट तासगावच्या द्राक्ष बागायतदाराला पटकन कळेल. जीए, म्हणजे द्राक्षांना द्यायचं जिबरेलिक आम्ल, तेच, पण फुलोऱ्याआधी दिलं तर घड लांबतो आणि मणी धरल्यावर दिलं तर मणी फुगतो. टीजीएफ-बीटा निरोगी पेशीला ‘थांब’ म्हणतं. कॅन्सर पुढं गेल्यावर त्याच निरोपानं पेशी शेजारणीचा हात सोडते, कारण तिला धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन कमी होतं. मग लांबट होऊन ती खालच्या थरात शिरते. सुपारीतलं अरेकोलीनही टीजीएफ-बीटा वाढवतं. त्यातून गालात तंतू साठतात आणि तोंड उघडेनासं होतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील तर दाखवून यावं, मग तंबाखू-सुपारीचा बार कुठल्याही बाजूला धरत असा.

व्हीईजीएफ-सी या वाढघटकामुळं कॅन्सरच्या गाठीभोवती नव्या लसिकावाहिन्या, म्हणजे पेशींभोवतालचं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, फुटतात. सुटलेल्या पेशी त्यातून जबड्याखालच्या आणि मानेतल्या लसिकागाठींत पोचतात. किती पोचतील हे ग्रेडपेक्षा खोलीवरून जास्त कळतं. जखम 2 सेंटिमीटरच्या आतली असली, तरी मुळं 5 मिलिमीटरपेक्षा खोल गेली असतील तर टप्पा टी-1 चा टी-2 होतो (टी म्हणजे मूळ गाठ किती वाढली आहे ते). ‘वेल’च्या आनंदात रिपोर्टमधली खोलीची ही ओळ बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

गालावर नाण्याएवढी जखम असताना डॉक्टर मानेवर छेद का घेतात, हा घरच्यांचा नेहमीचा प्रश्न. हाताला गाठ लागत नसतानाही पेशी तिथं पोचलेल्या असू शकतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलनं 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, सुरुवातीच्या टप्प्यातच मानेतल्या गाठी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी 80 टक्के हयात होते. गाठ लागेपर्यंत थांबलेल्यांत 67.5 टक्के.