रक्तातील मेदपातळीचे चढउतार

एकाच माणसाच्या रक्तातील कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड हे मेद कायम एका पातळीवर राहत नाहीत. आहार, औषधे, वजन यांत काहीही बदल झालेला नसला तरी दर तपासणीत आकडा थोडा हलतोच. एकूण कोलेस्टेरॉलमध्ये हा नैसर्गिक फरक साधारण ५ ते ६ टक्के, एलडीएलमध्ये (‘वाईट’ म्हटल्या जाणाऱ्या कोलेस्टेरॉलमध्ये) सुमारे ८ टक्के, तर ट्रायग्लिसराइडमध्ये २० टक्क्यांच्या आसपास असतो. त्यात यंत्राची दोन-तीन टक्क्यांची चूक मिसळते. त्यामुळे एकूण कोलेस्टेरॉल २०० चे २२० झाले (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर), तर तेवढ्यावरून ते खरोखर वाढले असे म्हणता येत नाही.

ट्रायग्लिसराइडच एवढे का उसळते? मेद पाण्यात विरघळत नाही; तो लायपोप्रोटीन नावाच्या कणांत बसून रक्तात फिरतो. त्यांपैकी एलडीएलचा कण दोन-तीन दिवस टिकतो, म्हणून एका जेवणाने तो आकडा फारसा हलत नाही. याउलट आतड्यातून येणारे कायलोमायक्रॉन नावाचे कण ट्रायग्लिसराइडने गच्च भरलेले असतात आणि भराभर रिकामे होतात. स्निग्ध जेवणानंतर तीन-चार तासांनी पातळी शिगेला पोचते. ती फारच चढली, तर नळीतला पिवळसर रक्तरस दुधासारखा दिसतो. आदल्या रात्रीचे मद्यही ट्रायग्लिसराइड वाढवते. एलडीएल बहुधा मोजत नाहीत, १९७२ च्या फ्रीडवाल्ड सूत्राने काढतात. त्यात एकूण कोलेस्टेरॉलमधून ट्रायग्लिसराइडचा पाचवा भागही वजा होतो, त्यामुळे त्याची अस्थिरता एलडीएलच्या आकड्यातही उतरते. ट्रायग्लिसराइड ४०० च्या पुढे असेल, तर हे सूत्र वापरत नाहीत.

सहसा कुणाच्या लक्षात न येणारे कारण म्हणजे शरीराची स्थिती. माणूस उभा राहिला की रक्तातले काही पाणी केशवाहिन्यांतून ऊतींमध्ये झिरपते. मोठे लायपोप्रोटीन कण आतच राहतात, रक्त किंचित दाट होते आणि आकडा वाढतो. आडवे पडल्यावर पाणी परत येते. पंधरा-वीस मिनिटे पडून राहिल्यावर काढलेल्या रक्तात कोलेस्टेरॉल सुमारे १० टक्क्यांनी कमी भरू शकते. मेद तेवढाच, फरक फक्त पाण्याचा! दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवला तरी आकडा असाच फुगतो.

हिवाळ्यात कोलेस्टेरॉल उन्हाळ्यापेक्षा थोडे जास्त आढळते. मासिक पाळीच्या चक्रात पातळी काही टक्के बदलते; गरोदरपणात तर ट्रायग्लिसराइड दुप्पट-तिप्पट होऊ शकते. थायरॉइड मंदावले की यकृतावरचे एलडीएल उचलणारे ग्राही (रिसेप्टर) कमी होतात आणि एलडीएल साचते. स्टेरॉइड व काही मूत्रल (लघवी वाढवणारी) औषधेही मेदपातळी वाढवतात.

तीव्र आजारात उलटे घडते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर किंवा गंभीर संसर्गात एलडीएल घसरते आणि काही आठवडे खाली राहते. त्या काळातला ‘नॉर्मल’ अहवाल फसवा असू शकतो. म्हणून झटक्यानंतर पहिल्या २४ तासांतच नमुना घेतात, किंवा प्रकृती स्थिरावल्यावर तपासणी पुन्हा करतात. एरवीही उपचार ठरवण्याआधी काही आठवड्यांच्या अंतराने किमान दोन नमुने घेऊन सरासरी धरण्याची पद्धत आहे.