एका संत्र्यावरून ढिगाची पारख

नागपुरात कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे ढीग लागले की घेणारा एकेक फळ तपासत बसत नाही. ढिगातून एखादं उचलतो, सोलतो, फोड तोंडात टाकतो आणि भाव बोलतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलमधला, म्हणजे गाभ्यातला, ‘डॅमन’ हा भाग कॉम्प्युटरच्या मेमरीची पारख अशीच करतो.

मेमरीचा हिशोब साधारणपणे 4 किलोबाइटच्या तुकड्यांत, म्हणजे ‘पानां’त, चालतो. 4 जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपमध्येही अशी सुमारे साडेदहा लाख पानं. त्यातली वापरातली कोणती आणि नुसती जागा अडवून बसलेली कोणती? पानाला हात लागला की प्रोसेसर त्याच्या नोंदीतला एक बिट 1 करतो. कर्नेलने तो पुसायचा आणि थोड्या वेळाने परत बघायचा. पुन्हा 1 दिसला, म्हणजे मधल्या काळात पान वापरलं गेलं. पण लाखो पानांची ही तपासणी सतत करायची म्हटली तर त्यातच प्रोसेसर दमेल.

म्हणून डॅमन सलग पानांचे पट्टे पाडतो आणि दर 5 मिलिसेकंदांनी प्रत्येक पट्ट्यातलं कुठलंही एकच पान बघतो. 100 मिलिसेकंदांच्या एका फेरीत 20 वेळा. त्यात 18 वेळा वापर दिसला तर पट्टा गरम, एकदाही नाही तर थंड.

पण वर मोठी फळं आणि खाली बारीक, असा ढीग असला तर? यावरची युक्ती मला फार सुंदर वाटते. प्रत्येक फेरीनंतर डॅमन सारख्या वापराचे शेजारी पट्टे जोडतो, मग पट्टे कुठेही, अक्षरशः यदृच्छेने, कापतो. तुकडे सारखेच निघाले तर पुढच्या फेरीत पुन्हा जुळतात. वेगळे निघाले तर ती हद्द टिकते. कुठे बारकाईने बघायचं, हे कुणी आधी सांगावं लागत नाही. थंड पट्ट्यातला लहानसा गरम कोपरा काही फेऱ्या सुटू शकतो, हे खरं. पण पट्ट्यांची संख्या मुळात 10 ते 1000 मध्येच ठेवलेली असल्याने रॅम 4 जीबी असो की 400, खर्च आटोक्यात राहतो.

सेओंगजे पार्क यांचं हे काम 2021 मध्ये लिनक्सच्या 5.15 या आवृत्तीत आलं. लगेचच्या 5.16 मध्ये त्यावर आधारलेली सोय आली: मोकळी मेमरी कमी पडू लागली की, 2 मिनिटं कुणी न शिवलेले पट्टे हुडकून रिकामे करायचे. ती सुरू असेल, तर सकाळी उघडून विसरलेल्या टॅबची पानं डिस्कवर जातात आणि समोर चाललेल्या कामाला जागा मिळते.