‘कायम’ गेलं, टप्पा आला

मराठवाड्यातल्या एखाद्या खासगी माध्यमिक शाळेच्या शिक्षकखोलीत डोकावून पाहा. एक सर पूर्ण पगारावर, शेजारचे चाळीस टक्क्यांवर आणि कोपऱ्यात वह्या तपासणाऱ्या मॅडम अजून ‘अघोषित’, म्हणजे अनुदानाला पात्र म्हणून जाहीर न झालेल्या, तुकडीवर. तास सगळ्यांना सारखेच. फरक पडतो तो शाळेला किंवा तुकडीला कोणत्या साली आणि कोणत्या अटीवर मान्यता मिळाली यावरून.

इथं शाळेचा खर्च लोकांनी उचलायचा, ही सवय जुनी. निजामाच्या राज्यात सरकारी शिक्षणात उर्दूचा वरचष्मा होता, मराठी शाळा लोकवर्गणीवर उभ्या राहिल्या. औरंगाबादचं सरस्वती भुवन 1915चं, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा 1921ची. स्वामी रामानंद तीर्थ आधी हिप्परग्याचे आणि मग अंबाजोगाईचे मास्तर होते, पुढारी नंतर. त्या काळी कमी पगारावर शिकवणं हा त्याग होता. पुढे सरकारला आणि संस्थाचालकांना तीच सवय सोयीची वाटली असावी, असं मला वाटतं.

1956 साली हा भाग मुंबई राज्यात आला. 1962 साली जिल्हा परिषदा आल्या आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. पगार सरकारी झाला. हायस्कुलं मात्र बहुतेक संस्थांकडेच राहिली, अनुदानावर. खासगी शाळांतल्या नोकरीला संरक्षण देणारा कायदा 1977चा, त्याची नियमावली 1981ची. वेतनश्रेणीही त्या नियमावलीत आहे, कागदावर.

खरी गाठ बसली ती 2000च्या आसपास. तिजोरीवरचा भार कमी करायला शिक्षणसेवक योजना आली: पहिली तीन वर्षं मानधन, प्राथमिकला महिना 3,000 रुपये. ते 2023मध्ये 16,000 झालं. दुसरीकडे 2001 साली नव्या शाळांच्या परवानगीत ‘कायम विनाअनुदानित’ हे शब्द आले. म्हणजे सरकार कधीच पैसे देणार नाही, या अटीवर शाळा. शाळा निघाल्या, पोरं आली, मास्तरही आले. ‘आज ना उद्या अनुदान येईल’ हे संस्थेचं आश्वासन, आणि रुजू होण्यासाठी बऱ्याच ठिकाणी उलट मास्तरांनाच पैसे मोजावे लागले. सुट्टीत दुसऱ्याच्या रानात रोजानं जाणारे बी.एड. झालेले सर आमच्याकडे नवलाचे नाहीत.

2009 साली ‘कायम’ हा शब्द काढला. अनुदान लगेच आलं नाही. आधी मूल्यांकन, मग पात्र शाळांच्या याद्या. 2016 साली पहिला टप्पा म्हणून 20 टक्के अनुदान मिळालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये औरंगाबादला मंत्रिमंडळाची बैठक असताना विनाअनुदानित शिक्षकांच्या मोर्चावर लाठीमार झाला. पुढचे टप्पे 40, 60 असे, प्रत्येकासाठी आझाद मैदानाची वारी. टप्पा मंजूर झाला तरी संचमान्यता (पटावरून शाळेला मिळणाऱ्या पदांची मंजुरी), वैयक्तिक मान्यता (त्या शिक्षकाच्या नेमणुकीची मंजुरी) आणि शालार्थ आयडी (ऑनलाइन पगारप्रणालीतला क्रमांक) या तीन चौक्या पार केल्याशिवाय पगार खात्यावर पडत नाही.

त्यात 1 नोव्हेंबर 2005 ही तारीख. त्या दिवसापासून रुजू झालेल्यांची जुनी पेन्शन बंद झाली. ज्यांची नेमणूक 2003ची, पण शंभर टक्के अनुदान त्या तारखेनंतरचं, त्यांना नवेच ठरवलं गेलं.