एकपात्री प्रयोग आणि परफॉर्मन्स आर्ट: दोन्हीकडे कलावंत एकटाच, मग फरक कोठे?

एकट्या माणसाने वेष आणि आवाज बदलत प्रेक्षकांना खिळवून ठेवणे मराठवाड्याला नवे नाही. त्यामुळे निखिल चोप्रा हे परफॉर्मन्स आर्टिस्ट, म्हणजे लोकांसमोर स्वतःच्या शरीराने केलेली कृती हीच कलाकृती मानणारे कलावंत, दाढी करतात, कपडे बदलतात आणि निराळाच माणूस होऊन वावरतात, असे वाचल्यावर ‘म्हणजे एकपात्रीच की!’ असे इथल्या वाचकाला वाटणे साहजिक आहे. बाह्य रूपापुरते ते खरेही आहे; परंतु एकपात्री कलावंत लक्ष्मण देशपांडे आणि चोप्रा या दोघांच्या कारकिर्दी शेजारी ठेवल्या की वाटा फुटतात.

छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये 52 पात्रे एकट्याने उभी केली. लेखनही त्यांचेच होते आणि बोली अस्सल मराठवाडी. या प्रयोगाला पक्की संहिता आहे; प्रेक्षकांप्रमाणे वेळ थोडीफार कमीजास्त होईल, एखादी जागा अधिक रंगेल, पण वऱ्हाड दरवेळी विमानात चढतेच. म्हणूनच देशपांडे यांच्या निधनानंतर माजलगावचे अभिनेते संदीप पाठक ते सादर करू शकले. कलाकृती कलावंतापासून सुटी होऊन दुसऱ्याच्या हाती गेली, आणि प्रेक्षकांना त्यात काही वावगे वाटले नाही.

चोप्रा यांच्या बाबतीत असा वारसा कल्पिणेही अवघड आहे. 1974 साली कोलकात्यात जन्मलेल्या चोप्रा यांनी बडोद्यात आणि पुढे अमेरिकेतील ओहायो येथे शिक्षण घेतले, तेही नाटकाचे नव्हे, तर चित्रकलेच्या अंगाने. काश्मीरची निसर्गचित्रे काढणाऱ्या आपल्या आजोबांवरून त्यांनी ‘योगराज चित्रकार’ ही व्यक्तिरेखा घडवली आणि 2007 मध्ये तिच्या वेषात श्रीनगरच्या लाल चौकात भर रस्त्यावर खडूने चित्र काढले. तेथे पाठ केलेले संवाद नव्हते, पडदा नव्हता, आणि पाहणाऱ्याने कोठून पाहायला सुरुवात करावी हेही ठरलेले नव्हते.

2013 मध्ये मँचेस्टरच्या व्हिटवर्थ कलादालनात त्यांनी केलेली 65 तासांची कृती कापूस पिकवणाऱ्या आपल्या मुलखाने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. साहित्य दोनच: सुती कापड आणि कोळसा. ज्या शहराच्या गिरण्या कोळशावर चालल्या आणि ज्यांच्यात हिंदुस्थानातलाही कापूस गेला, त्या शहरात एक भारतीय कलावंत कापडावर कोळशाने चित्र काढत राहतो. हा अर्थ सांगणारे वाक्य तेथे कोणी उच्चारत नाही. तो हाताच्या काळेपणातून आणि दमलेल्या शरीरातून पोचतो. रंगमंचावरचा नट थकवा लपवतो किंवा त्याचा अभिनय करतो, येथे मात्र खराखुरा थकवा हाच कलाकृतीचा ऐवज असतो. 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ते सलग नऊ दिवस राहिले, तेव्हा खाणे आणि झोपणे हेसुद्धा कृतीचाच भाग होते.

पोटापाण्याचे गणितही वेगळे पडते. एकपात्री कलावंत तिकीटविक्रीवर किंवा गणेशोत्सवातील मानधनावर चालतो आणि त्याची कीर्ती प्रयोगसंख्येत मोजली जाते. परफॉर्मन्स आर्टिस्टला संग्रहालय किंवा बिएनाले (दर दोन वर्षांनी भरणारे मोठे कलाप्रदर्शन) आमंत्रित करते, आणि कृती संपल्यावर मागे उरलेली चित्रे, कपडे व छायाचित्रे कलादालनामार्फत संग्राहकांकडे जाऊ शकतात. त्यामुळे अशा कलावंताला एकाच विद्येवर निभावता येत नाही. चोप्रा यांनी 2014 मध्ये सहकाऱ्यांसह गोव्यात एचएच आर्ट स्पेसेस ही जागा सुरू केली आणि 2025 च्या अखेरीस सुरू झालेल्या कोची-मुझिरिस बिएनालेच्या क्युरेटरपदाची, म्हणजे कलाकृतींची निवड आणि मांडणी करण्याची, जबाबदारीही त्यांच्याकडे आली.

मग आपला बहुरूपी कोणत्या बाजूला ठेवायचा? पैठणच्या एकनाथांचे भारूड निःसंशय संहितेच्या बाजूचे आहे. त्यातला वेषधारी बदलला तरी भारूड तेच राहते. बहुरूपी मात्र पोलिसाच्या वेषात थेट दारात येऊन दरडावतो आणि समोरच्या माणसाला आपण प्रेक्षक आहोत हे काही क्षण कळतही नाही. माझ्या मते एकपात्रीपेक्षा तो चोप्रांना जवळचा आहे, फक्त शेवटी हसून बिदागी मागताना तो आपले सोंग स्वतःच उघड करतो.